कार्डावरची आठ नावं

माझ्या पोटातून काढलेला गोळा लहान भोपळ्याएवढा होता, असं नर्सबाई म्हणाल्या. मी तो पाहिला नाही. मला दाखवा, असं आधी बजावलं होतं. खरंच काढला की नुसतं कापून शिवून टाकलं, हे आम्हाला कसं कळणार? पण मी शुद्धीवर येईपर्यंत त्यांनी तो तपासायला पाठवून दिला होता. अजूनही कधीकधी वाटतं, एकदा पाहायला हवा होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. ज्या बायांच्या पोटात असंच काही वाढतं आहे आणि ज्या ते पदराखाली झाकून घरी बसल्या आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ऑपरेशनचं फारसं सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम होतं आणि मी तेव्हा झोपेत होते. ऑपरेशनपर्यंत पोचण्यात जे झालं ते सांगते. त्यात चूक कोणाची होती तेही सांगते.

बारसं कधी?

दिवाळीनंतर पोट वाढायला लागलं. मला तेव्हा त्रेचाळिसावं लागलेलं. थोरल्या मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं, आणि विहिरीवर बायांना विषय मिळाला.

"काकू, बारसं कदी?" एकीनं विचारलं.

"तुह्या नातवाच्या संगंच करू," मी म्हटलं.

हसल्या सगळ्या. मीही हसले, पण मला ते मूल वाटत नव्हतं. दोन मुलं झालेल्या बाईला तेवढं कळतं. हलत नव्हतं, आणि अंगावरून जात होतं ते थांबत नव्हतं. सासूबाई मात्र खूश होत्या. रोज माझ्या ताटात दुधाची वाटी ठेवायच्या. त्यांचा गैरसमज मी लवकर मोडला नाही हे कबूल करते. दूध चांगलं होतं.

आमचं गाव वर्ध्यापासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर. घरात सासूबाई, आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, धाकटे दीर, जाऊ, माझे दोन मुलगे आणि जावेच्या दोन मुली. कणगीची, म्हणजे धान्याच्या साठवणीची जबाबदारी माझी. किती दळायचं, किती बियाण्याला ठेवायचं, किती विकायचं, हे मीच पाहायची. मी सातवी पास आहे. घरात चिठ्ठी लिहायची असली तरी माझ्याकडेच येतं.

पायलीची योजना

वर्ध्याच्या पलीकडे एक धर्मादाय दवाखाना आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी त्या वर्षी गावात सभा घेतली. जवारी निघाली की घरातल्या दर माणसामागे एक पायली दवाखान्याच्या कोठारात द्यायची. त्याबद्दल घराला एक कार्ड मिळणार. कार्डावर ज्याचं नाव त्याला वर्षभर तपासणी, औषध, लागलंच तर ऑपरेशन, वेगळा पैसा नाही.

मला यात काहीतरी काळंबेरं वाटलं. फुकट कोणी काही देत नाही, आणि अगोदर घेऊन नंतर देणाऱ्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. मी मागून विचारलं, "अन् वर्षभर कोणी आजारीच नाई पडलं तं?"

डॉक्टर म्हणाले, "तर तुमची जवारी दुसऱ्या आजारी माणसाच्या कामी येईल."

"म्हंजे पाटलाच्या बुढीच्या खोकल्याले माही जवारी?"

सभा हसली. पाटलांची आई समोरच बसली होती, तीही हसली आणि लगेच खोकली. आमच्या घरच्यांनी मात्र आधीच मान हलवून टाकली होती. म्हणून माघात मी कणगीपुढं बसले, पायल्या मोजल्या, घरातल्या माणसांच्या नावांची चिठ्ठी लिहिली आणि गोणीच्या तोंडाला बांधली. दीर गाडीतून गोणी दवाखान्यात पोचवून आले. कार्ड आणलं ते सासूबाईंनी देव्हाऱ्यामागं ठेवलं. ते मी उघडून वाचलं नाही.

तसं मी सगळं तपासते. तेल्याचं माप तपासते, तारवाल्यानं आणलेली तार दोनदा वाचते. ते कार्ड तेवढं वाचलं नाही.

निदानाचा दिवस

होळी झाली तेव्हा मला बसता उठता धाप लागायला लागली. आमच्या घरच्यांनी गाडी जुंपली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, आतून तपासलं, हात धुतले. मग बराच वेळ हात पुसत राहिल्या, तेव्हाच मी समजले. मग म्हणाल्या, "मूल नाही, बाई. गोळा आहे. काढावा लागेल."

"नाई काढला तं?"

"वाढेल. रक्त जातच राहील. आत्ताच तुमच्या अंगात रक्त फार कमी आहे. आठ-दहा दिवस इथं राहा, औषधानं थोडं भरून काढू आणि मग ऑपरेशन करू."

"यातून माणूस उठते का?"

"बहुतेक उठतात."

'बहुतेक' हा शब्द मी लक्षात ठेवला. खोटं बोलायचं असतं तर त्या 'नक्की' म्हणाल्या असत्या. त्या बाईंवर मी तिथंच थोडा विश्वास ठेवला.

भीती वाटली का, तर वाटली. पोटात भीती आणि गोळा दोन्ही एकाच जागी होते. पण माझ्या मनात आलं, कार्ड आहे. निदान तेवढी व्यवस्था आहे. आमच्या घरच्यांनी ते खिडकीत कारकुनापुढं ठेवलं. कारकून वयानं लहान, नागपूरकडचा, चष्म्याआडून पाहणारा. त्यानं कार्ड वाचलं, मोठी वही उघडून ताडलं, आणि म्हणाला, "यात बाईंचं नाव नाही."

"कोनत्या बाईचं?"

"यांचं. घरातले आठ जण आहेत. जमा पायल्या आठ, नावं आठ. यांचं नाही. ऑपरेशनची फी आधी भरावी लागेल."

फीचा आकडा त्यानं सांगितला तेव्हा आमच्या घरच्यांनी खिडकीची चौकट धरली. मी विचारलं, "अन् नाई भरली तं?"

"तर बाईंना घरी न्यावं लागेल."

म्हणजे गोष्ट सरळ होती. त्या कार्डावर माझं नाव सापडलं तर गोळा निघणार होता. नाही सापडलं तर तो आणि मी दोघं परत गाडीत बसणार होतो.

माझी पायली कुठं गेली?

खाट मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फीचं ऑपरेशनच्या दिवसापर्यंत बघा. मी पहिल्याच दिवशी शोध सुरू केला.

मला खात्री होती. माणसामागे एक पायली, आणि मोजणारी मी. मग एक पायली कमी कशी? एक तर कारकुनानं खाल्ली, नाही तर वाटेत गेली.

कारकुनावर आधी संशय घ्यायला कारण होतं. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. शहरातल्या पोराला हे काय ठाऊक? त्यानं लाभ सोडून दोनापासून धरलं असेल, म्हणजे एक पायली गेली. मला हे अगदी पटलं. सकाळी औषध घेतलं आणि भिंत धरत खिडकीपाशी गेले.

"तुमी मोजताना लाभ धरला होता का?"

"कसला लाभ?" तो म्हणाला.

"पाहा!" मी आमच्या घरच्यांना म्हटलं. "मी म्हटलं नव्हतं?"

"बाई, आम्ही मोजत नाही. वजन करतो," त्यानं मागचा मोठा काटा दाखवला. "तुमची गोणी आठ पायल्यांचीच भरली. चिठ्ठीही आहे. ती कोठारातल्या गठ्ठ्यात असेल."

"शोधा ती. माह्या हातची चिठ्ठी हाये. तिच्यावर किती नावं हायेत ते पाहा, मंग कळते कोणी काय केलं."

तो सुस्कारा टाकून म्हणाला, शोधतो. मी परत खाटेवर आले. काटा खोटं बोलत नाही. मग उरले दीर.

धुरपताबाई

शेजारच्या खाटेवर धुरपताबाई होती. पाय सडल्यामुळं महिनाभर तिथं होती. तिच्याकडून मी दवाखाना शिकले. सकाळी घंटा वाजायच्या आत तोंड धुऊन घ्यायचं, नाही तर नळापाशी रांग लागते. स्वतःचा तांब्या वेगळा ठेवायचा आणि त्याला सुतळी बांधायची, नाही तर तो फिरायला जातो. नातेवाइकांना मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडता येते, पण लाकडं घरून आणायची. झाडणाऱ्या बाईला नावानं हाक मारली तर ती ऊन पाण्याची बादली आपल्या खाटेपाशी आधी आणते. हे शेवटचं मला फार उपयोगी पडलं. ऊन पाण्यानं पाय धुवायला मिळणं, त्या दिवसांत याहून मोठं सुख दुसरं नव्हतं.

धुरपताबाई आदल्या साली नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. मला म्हणाली, "त्या कारकुनानं माह्या कागदावर जुनीच जात लिवली होती. मी म्हटलं, वही इकडं फिरव."

"तुले वाचता येते?"

"मले नाई येत. पण मी माह्या माणसाले संगं उभं केलं अन् त्याले मोठ्यानं वाचाले लावलं. चुकलं तं खोडाले लावलं. लिवलेलं पाहून घ्याव, बाई. तोंडाचं वाऱ्यावर जाते."

तिच्या चुलीवरचा चहा मी तिसऱ्या दिवसापासून घ्यायला लागले. हे सासूबाईंना सांगितलं नव्हतं. हे छापून आलं तर कोणीतरी त्यांना वाचून दाखवील.

दीर

दीर दर दोन दिवसांनी डबा घेऊन यायचे. नुकतीच त्यांनी एक जुनी सायकल घेतली होती, तिच्या दांड्याला डबा टांगलेला असायचा. ती सायकल माझ्या डोळ्यात सलत होतीच. एका पायली जवारीत सायकल येत नाही हे मला कळत होतं. पण एकदा संशय धरला की सायकलसुद्धा पुरावा दिसायला लागते.

"भाऊजी, जवारी नेली तेव्हा गाडी कोठी कोठी थांबली होती?"

"नालवाडीपाशी बैलायले पाणी दाखवलं. मंग वर्ध्याले चहा पेलो."

"चहाले पैसे कुठून आनले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन विचारून राह्यल्या, वयनी?"

"माही एक पायली कमी हाये. मी मोजून देल्ली होती."

"वयनी, तुमी मले चोर म्हणून राह्यल्या?"

"मी विचारून राह्यली."

खोलीतल्या सहाही बाया ऐकत होत्या. धुरपताबाईनंसुद्धा कूस बदलली. दिरांनी डबा स्टुलावर ठेवला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस दहा वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत.

"भाकर खाऊन घेजा," ते म्हणाले. "तीन हायेत. मोजून घ्या."

मग ते आलेच नाहीत. डबा जाऊ आणायला लागली, आणि ती डब्याव्यतिरिक्त काही बोलायची नाही. आमच्या घरच्यांनी एवढंच विचारलं, "आता मह्यावरबी येईन का तुहा संशय?" मी भाकरी मोडायला घेतली. त्यांच्यावरही यायला लागला होता.

पाहणीवाली बाई

त्याच आठवड्यात एक बाई हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन खाटांवरून फिरायला लागली. सुती पातळ, पायात चपला, बोलणं पुण्याकडचं. आजारपणाला लोकांचं किती जातं, दवाखान्यात कोण येतं, कोण येतच नाही आणि का, याची ती पाहणी करत होती.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. नवे पैसेही नुकतेच आले होते. नव्या सरकारला नवा कर बसवायचा असणार, असं मी धरलं. तिनं विचारलं, शेती किती? मी म्हटलं, पोटापुरती. विचारलं, बैल किती? म्हटलं, म्हातारे आहेत. ती हसली, लिहिलं आणि गेली. काय लिहिलं ते दिसलं नाही.

दोन दिवसांनी परत आली. या वेळी स्टूल ओढून बसली.

"आज शेतीचं विचारत नाही," ती म्हणाली. "घरात स्वयंपाकाचं कोण बघतं?"

"मी. जाऊ हाताखाली."

"जवारी दळायला काढताना किती माणसांची काढता?"

यात कराचं काही दिसेना. मी सांगितलं, "आठ."

"कोणकोण?"

मी बोटं मोडत गेले. सासूबाई. आमच्या घरचे. त्यांचं नाव मी घेत नाही, नुसतं बोट मोडलं. दीर. जाऊ. थोरला. धाकटा. जावेच्या दोघी. आठ.

"आणि तुम्ही?"

"मी काय, उरते त्यातलं..."

तिथं मी थांबले. आठवं बोट मोडलेलं होतं, उरलेली दोन बोटं तशीच उभी होती.

बाईंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मधे बांधल्याची घडी पडलेली, जवारीचा भुसा चिकटलेला. अक्षर माझंच. आठ नावं. आमच्या घरच्यांचं नाव बोलायचं नसतं, पण लिहिलेलं होतं. माझं नव्हतं.

मी कणगीपुढं बसले तेव्हा काय केलं असणार ते मला लख्ख दिसलं. मी माणसं मोजली नव्हती. रोज भाकरीची काढते तशी काढली होती. बावीस वर्षं ज्या हातानं स्वतःला सोडून घरापुरतं काढायचं, त्या हातानं पायल्याही आठच भरल्या, आणि चिठ्ठी त्या हातानंच लिहिली.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि समोर तीच होती. "ही चिठ्ठी तुमच्यापाशी कदीची हाये?"

"काल कारकुनाला गठ्ठ्यात सापडली. मी त्याच्याकडून मागून घेतली."

"मंग काल काऊन नाई दाखवली?"

"काल दाखवली असती तर तुम्ही म्हणाला असता, कोणीतरी बदलली."

म्हटलं असतंच.

"तुमचं एकटीचं नाही," ती म्हणाली. "बरीच कार्डं पाहिली मी. कुठं म्हातारी सुटली आहे, कुठं नवी सून. पण जी मोजते तीच सुटलेली, असं पुष्कळदा दिसतं."

"हे सरकारले कळवान का?"

"कळवीन."

"तं त्याच्यात माहं नाव घालू नका. पाह्यजे तिथं नाई, अन् नको तिथं छापून येईन."

नियम

मी खिडकीत गेले आणि कारकुनाला म्हटलं, सासूबाईंचं नाव खोडून माझं घाला. त्या धडधाकट आहेत. तो हसला नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आजारी पडल्यावर नाव घालता आलं तर सगळे आजारी पडल्यावरच पायली आणतील. मग कोठारात काय उरेल?"

वाईट याचं वाटलं की मला ते पटलं. मी कणगी सांभाळते. मीही हेच म्हटलं असतं.

आमच्या घरच्यांनी कालवड विकली. तेवढ्यात फी भागत नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दीर आले, आणि खिडकीत उरलेले पैसे भरून मग आत आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं.

"सायकल कोठी?" मी विचारलं.

"पंक्चर हाय."

पंक्चर झालेली सायकल माणूस हातात धरून आणतो, आणि पैसे काही पंक्चरमधून निघत नाहीत. त्या सगळ्या दिवसांत माझा तेवढा एकच संशय बरोबर निघाला.

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, दोनदा. तोंडानं माफी मागणं आमच्यात नाही. मी सुतळी बांधलेला तांब्या पुढं केला. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिवनारनी घरची असली तं चोर कायले पाह्यजे?"

धुरपताबाई तिकडं तोंड करून हसली.

नंतर

ऑपरेशन झालं. तीन दिवस खोकायचीही भीती वाटत होती, म्हणून सांगते, पोटाशी एक उशी धरून खोकायचं. दहाव्या दिवशी टाके काढले. घरी आल्यावर दोन महिने जड उचललं नाही. जावेनं सगळं केलं आणि ते रोज बोलूनही दाखवलं. तिचा हक्क होता.

पुढच्या माघात मी परत कणगीपुढं बसले. दीर गोणी धरून उभे.

"लाभ," म्हणून मी पहिली पायली ओतली.

"कोनाची?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "माही ना?"

"माही," मी म्हटलं. "तुमची दुसरी."

नऊ भरल्या. चिठ्ठी लिहिली. दिरांनी गोणी गाडीत टाकली आणि मला म्हणाले, "बसा, वयनी. मी एकटा नाई नेत. रस्त्यात विकीन."

मी गोणीवर बसून गेले. गाडी नालवाडीला थांबली, बैल पाणी प्यायले. वर्ध्याला दोघांनी चहा घेतला, पैसे मी दिले. दवाखान्यात तोच कारकून होता. काटा झाला, त्यानं चिठ्ठीवरून वहीत नावं उतरवली आणि वही मिटायला लागला.

"वही इकडं फिरवा," मी म्हटलं. "अन् मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचलं. पहिलंच नाव माझं होतं.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.